फुकटातलं डीजे सॉफ्टवेअर आणि बाबांचा दादरा

आधीच सांगून टाकते, मी डीजे नाहीये. कांजूरमार्गला राहते, बीकेसीला एका ऑफिसात दिवसभर एक्सेल शीट भरते, आणि हे सगळं सुरू झालं ते चुलत भावाच्या हळदीमुळे. साउंडवाल्याने डीजेसकट जो आकडा सांगितला तो ऐकून काका दोन मिनिटं बोललेच नाहीत, मग म्हणाले नुसता साउंड दे, गाणी आमची पोरं लावतील. आता "आमची पोरं" म्हणजे कोण, तर मी, कारण घरात धड चालणारा लॅपटॉप माझ्याकडे आहे. हातात सव्वा महिना होता. तेवढ्यात जे जे फुकट मिळतं ते टाकून बघितलं, काही लगेच काढलं, एक ठेवलं, त्याचा हा हिशोब. ज्याला नव्याने शिकायचंय, खिशातून काही घालवायचं नाहीये आणि गाणी मुख्यतः आपली, म्हणजे कोळीगीतं, हळदीची, गणपतीची अशी लावायचीत त्याने वाचा. बाकीच्यांसाठी इंग्लिशमध्ये व्हिडिओंचा नुसता ढीग पडलाय.

लॅपटॉप सहा वर्षं जुना, आय थ्री, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. कंट्रोलर नाही, म्हणजे ते दोन चकत्या आणि मधे बटणं असलेलं यंत्र असतं ना, ते. मी बघितलेला त्यातल्या त्यात स्वस्त दहा-बारा हजारांचा होता आणि हळद एका रात्रीची, त्यामुळे सगळा कारभार माउस आणि कीबोर्डवर.

जे ठेवलं त्याचं नाव मिक्स्स. नावाच्या शेवटी तीन एक्स आहेत, आणि ते स्क्रीनवर मोठ्ठं झळकत असताना आई मागून चहा घेऊन आली, पुढचं सांगत नाही. तर हे मिक्स्स खरंखुरं फुकट आहे. "३० दिवस फुकट" नाही, "रेकॉर्डिंग हवंय तर पैसे भरा" नाही, अकाउंट बनवा नाही, ईमेल द्या नाही. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, दोन हजार सालाच्या आसपास सुरू झालेलं, आणि तेव्हापासून जगभरची माणसं आपला वेळ घालून ते वाढवतायत. विंडोजवर चालतं, मॅकवर चालतं, लिनक्सवर पण चालतं. फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. "फ्री डीजे सॉफ्टवेअर फुल व्हर्जन" असं शोधलंत तर जे पहिलं दिसेल ते टाकू नका, माझ्या मामेभावाने टाकलेलं, त्याच्या लॅपटॉपवर अजून रमीच्या जाहिराती येतात.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. व्हर्च्युअल डीजे दिसायला सगळ्यात झकास. घरगुती वापराला, कंट्रोलर न जोडता फुकट आहे, पण कंट्रोलर लावायचा किंवा कामासाठी पैसे घेऊन वाजवायचं तर लायसन्स लागतं. त्याची खरी कमाल म्हणजे चालू गाण्यातला आवाज वेगळा, ढोल-ताशा वेगळा, बाकी वाद्यं वेगळी करून देतं, तिथल्या तिथे, गाणं वाजत असतानाच. याला स्टेम्स म्हणतात. पण हे काम जड आहे आणि माझ्या आय थ्रीला ते झेपलं नाही, पंख्याचा आवाज असा की बाजूच्या खोलीतून बाबा म्हणाले दळण टाकलंयस का. तुमच्याकडे जरा ताजा लॅपटॉप असेल तर मात्र हे नक्की टाकून बघा, मी उगाच वाईट बोलणार नाही. सेराटो डीजे लाइट साधं सुटसुटीत आहे, पण त्याचा जीव कंट्रोलरमध्ये, कंट्रोलर असेल तर मजा. रेकॉर्डबॉक्सचा फुकट प्लॅन आहे तो पुढे कधी क्लबात वाजवायचं स्वप्न असेल तर कामाचा, कारण क्लबातल्या मोठ्या प्लेअरसाठी पेनड्राइव्ह त्यातून तयार करता येतो, हळदीच्या मांडवाला त्याचा काय उपयोग. मोबाईलवर डीजे नावाचंच एक ॲप आहे, एक जास्तीचा ए आणि वाय लावून लिहितात, ते लोकलमध्ये उभ्याउभ्या खेळायला बरं आहे, फुकटातलं थोडंच उघडतं.

आता मिक्स्स. पहिल्यांदा उघडलं की घाबरायला होतं, खरंच. वर दोन रंगीत लाटा, खाली दोन डेक म्हणजे एकेक गाणं वाजवायच्या दोन जागा, बटणं किती ते मोजूच नका. मी पहिल्या रात्री फक्त पाच गोष्टी वापरल्या, प्ले, आवाजाची दांडी, दोन गाण्यांच्या मधली आडवी दांडी म्हणजे क्रॉसफेडर, बेसचं बटण आणि सिंक, म्हणजे एका गाण्याचा वेग दुसऱ्याशी आपोआप जुळवणारं बटण. एवढ्यावर दोन हिंदी पार्टी गाणी अशी जोडली गेली की मी एकटीच खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या. माउस टाळायचा असेल तर कीबोर्डवर डी दाबलं की डावं गाणं सुरू-बंद, एल दाबलं की उजवं, आणि जी-एच ने क्रॉसफेडर इकडे-तिकडे. हे चार जरी हाताला बसले तरी निम्मं काम झालं.

एक लक्षात ठेवा, दोन गाणी एकत्र वाजतायत तेव्हा दोघांचा बेस एकदम चालू ठेवायचा नाही. नवीन गाण्याचा बेस शून्यावर ठेवून ते आत घ्या, मग जुन्याचा खाली नि नव्याचा वर एकाच वेळी. हे नाही केलं तर स्पीकरमधून नुसतं भुदूभुदू येतं, गाणं कुठलंच कळत नाही.

तर हिंदी झालं, इंग्लिश झालं, म्हटलं आता आपलं. बाबांच्या सीडीवरून काढलेलं एक जुनं कोळीगीत टाकलं, त्यावर शंभरच्या ठेक्याचं एक मराठी पार्टी गाणं चढवायचं होतं. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याचा बीपीएम मोजतं, म्हणजे एका मिनिटात किती ठोके. पार्टी गाण्याला बरोबर १०० दाखवले. कोळीगीताला १५०. मी म्हटलं असेल बुवा, आपल्याला काय कळतं, सिंक दाबलं. आणि ते पार्टी गाणं एकदम दारू पिऊन झोपल्यासारखं झालं, १०० वरून थेट ७५ वर. म्हणजे यंत्राने हिशोब केला की ७५ च्या दुप्पट १५०, जुळलं. कागदावर जुळलं, कानाला नाही. दोन संध्याकाळी मी सेटिंगमध्ये हे बदल ते बदल करत बसले.

तिसऱ्या दिवशी बाबा जेवून हात पुसत आले. बाबा आमच्या इथल्या भजनी मंडळात ढोलकी वाजवतात, पंचवीस वर्षं झाली असतील. दोन मिनिटं ऐकलं आणि टेबलावर बोटं आपटायला लागले, धा धी ना, धा ती ना, धा धी ना, धा ती ना. म्हणाले, "अगं हा दादरा आहे. तुझं मशीन त्याला केहरवा समजून बसलंय."

झालं, डोक्यात ट्यूबच पेटली. केहरवा आठ मात्रांचा, चार-चार, आणि दादरा सहा मात्रांचा, तीन-तीन. माणूस टाळी वाजवतो ती दर तीन मात्रांना, म्हणजे सहा मात्रांत दोन टाळ्या. हे सगळं सॉफ्टवेअर बनलंय चारच्या हिशोबाच्या संगीतावर, त्यामुळे ते मात्रा दोन-दोनने पकडत गेलं, सहा मात्रांत दोनाऐवजी तीन ठोके मोजले. दोनाच्या जागी तीन म्हणजे दीडपट, १०० चे १५०. आणि हा एकट्या मिक्स्सचा दोष नाहीये, बाकीच्या दोन ठिकाणी पण हेच गाणं टाकलं तर तिथेही आकडा गंडला. आपली अर्धी कोळीगीतं याच चालीवर आहेत हो, पाळण्यासारखी हलणारी.

पण मिक्स्समध्ये याचा इलाज आहे, आणि तो सापडला तेव्हा मी खरोखर ओरडले. गाण्यावर राइट क्लिक करा, बीपीएम ॲडजस्ट करायचा मेन्यू येतो, त्यात डबल आणि हाफ तर आहेच पण टू-थर्ड आणि थ्री-हाफ असे अपूर्णांक पण दिलेत. टू-थर्ड दाबलं, १५० चे झाले १००. पार्टी गाणं पण १००. टाळीवर टाळी. मग त्याच मेन्यूत बीपीएम लॉक करून टाका, नाहीतर परत ॲनालिसिस, म्हणजे ठोक्यांची मोजणी, चालवली की पुन्हा १५०.

आता खोटं कशाला बोलू, टाळी जुळली तरी मधलं सगळं जुळत नाही. एका गाण्यात दोन टाळ्यांच्या मधे तीन भाग, दुसऱ्यात चार, त्यामुळे वरची झांज, खुळखुळा, हाय-हॅट हे एकमेकांवर खडखडतात, डब्यात चिल्लर हलवल्यासारखं. यावर मी शोधलेलं जुगाड म्हणजे येणाऱ्या गाण्याचं हायचं, म्हणजे वरच्या बारीक आवाजांचं बटण पूर्ण खाली, आणि दोन्ही गाणी एकत्र फार वेळ ठेवायचीच नाहीत, चार टाळ्या, जुन्याला इको लावायचा, आणि सोडून द्यायचं. बाबा म्हणाले भजनात पण चाल बदलताना तिहाई घेऊन सम गाठतो आणि मगच नवा ठेका धरतो, दोन ठेके एकत्र कोण वाजवतं. तसंच.

दुसरी भानगड जुन्या गाण्यांची. आजचं गाणं कॉम्प्युटरवर बनतं, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत ठोका एकच. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये समोर बसून माणसं वाजवायची आणि माणसं कडव्याला रंगात येऊन चढतात. माझ्या त्या गाण्यात सुरुवात ९८ आणि शेवट १०३ च्या आसपास होता. सॉफ्टवेअर मात्र धरून चालतं की ठेका एकच असणार, म्हणून लाटेवर ठोके दाखवणाऱ्या रेघा पहिल्या मिनिटाला बरोबर ठोक्यावर आणि तिसऱ्या मिनिटाला अर्ध्या हाताने मागे. प्रेफरन्सेसमध्ये बीट डिटेक्शनच्या पानावर "कॉन्स्टंट टेम्पो" धरायची टिक आहे, ती काढली आणि गाणं परत ॲनालाइज केलं की रेघा गाण्याबरोबर सरकतात. पण मग त्याला सिंक केलेलं नवीन गाणंही त्याच्याबरोबर डुलायला लागतं, ते ऐकायला विचित्र. शेवटी मी अशा गाण्यांना सिंक लावणंच सोडलं. कानाने ऐकायचं, मागे पडतंय वाटलं की बटणाने किंचित ढकलायचं, पुढे गेलं की किंचित ओढायचं. चार-पाच दिवस भयानक वाजलं. शेजारच्या काकूंनी विचारलं घरात काही काम काढलंय का.

हेडफोनचं सांगायलाच हवं कारण इथे सगळे नवे अडकतात. डीजेला दोन आवाज लागतात, लोकांना ऐकू जाणारा आणि फक्त आपल्या कानात येणारा, पुढचं गाणं तपासायला. लॅपटॉपला भोक एकच. मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले, एका दुकानात डीजे स्प्लिटर मागितला, त्याने "हो हो हाच" म्हणून एकाचे दोन करणारी साधी वायर दिली आणि पैसे घेतले. घरी येऊन बघते तर दोन्हीकडे तेच गाणं. ती वायर दोन मैत्रिणींनी एक पिक्चर बघायला असते, आपल्या कामाची नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा शहाणी झालेले, पेनड्राइव्हएवढं एक यूएसबी साउंड कार्ड घेतलं, अडीचशेच्या आत. मिक्स्सच्या साउंड हार्डवेअरच्या पानावर मेन आउटपुटला लॅपटॉपचं स्वतःचं भोक दिलं आणि हेडफोनला ते यूएसबीवालं. चाललं, एका झटक्यात. तेही घ्यायचं नसेल आणि घरी नुसता सराव करायचा असेल तर हेडफोनच्या बटणापाशी स्प्लिट असा पर्याय आहे, एका कानात तपासणीचं गाणं आणि दुसऱ्या कानात चालू गाणं येतं, मोनोमध्ये. आणि ब्लूटूथ हेडफोन विसरा, आवाज उशिरा पोचतो, तुम्ही ठोक्यावर बटण दाबाल आणि कानात ते नंतर येईल, वेड लागेल.

आता रीमिक्सबद्दल, कारण निम्मे लोक त्यासाठीच हे शोधतात. डीजे सॉफ्टवेअर म्हणजे रीमिक्स बनवायचं सॉफ्टवेअर नव्हे. मलाही हे दुसऱ्या आठवड्यात कळलं. मिक्स्समध्ये तुम्ही गाण्याला गाणं जोडता, एखादा तुकडा लूपवर ठेवता, हॉटक्यू, म्हणजे गाण्यातल्या एखाद्या जागेची खूण, लावून "आई एकवीरा" असा एखादा पुकारा बटणावर ठेवून हवा तेव्हा सोडता, इफेक्ट मारता, आणि हे सगळं रेकॉर्ड पण होतं, वेव्ह किंवा एमपीथ्री. म्हणजे जिवंत केलेलं मिश्रण. पण गाण्यातला आवाज काढून खाली नवा ढोल भरायचा, मधलं कडवं उडवायचं, सुरुवात लांबवायची, हे करायचं तर आधी गाणं फोडावं लागतं आणि मग शिवावं लागतं. फोडायला मी अल्टिमेट व्होकल रिमूव्हर वापरलं, तेही फुकट आणि ओपन सोर्स, गाणं द्यायचं आणि आवाज एका फाइलमध्ये, वाद्यं दुसऱ्या फाइलमध्ये. ग्राफिक्स कार्ड नसेल तर मात्र धीर हवा, माझ्याकडे एका गाण्याला वीस-पंचवीस मिनिटं लागली, मी गाणं लावून भाकऱ्या थापायला जायचे. नव्या गाण्यांवर निकाल छान. जुन्या मोनो रेकॉर्डिंगवर गडबड, सनई जिथे गायकाच्या अंगाने वाजते तिथे ती आवाजाच्या फाइलमध्येच येऊन बसली, भुतासारखी मागे रडत. शिवायला ऑडॅसिटी. दिसायला अगदीच सरकारी ऑफिस, पण कापाकापी, टेम्पो बदल, फेड सगळं होतं. ब्राउझरमध्ये बसून करायचं तर बँडलॅब आहे, त्यात ढोलाचे तयार तुकडे टाकणं सोपं जातं.

मी एकच रीमिक्स पूर्ण केलं. आत्याचं आवडतं हळदीचं गाणं, त्यातला बाईचा आवाज काढला, आणि खाली कुठलेही विकतचे बीट न टाकता बाबांची ढोलकी मोबाईलवर रेकॉर्ड करून भरली. बाबांना सांगितलेलं ठेका हलू देऊ नका, कानात टिकटिक लावून दिली, तर तिसऱ्या मिनिटाला म्हणाले हे टिकटिक करणारं गप्प कर, याला लय नाहीये.

हळदीच्या रात्री दोन गोष्टी झाल्या. साउंडवाल्या दादांनी वायर लावली आणि स्पीकरमधून भूंऽऽऽ, अख्ख्या मांडवात. मला वाटलं काहीतरी जळलं. दादा बघून म्हणाले, "ताई, चार्जर काढ." काढला, शांत. लॅपटॉप चार्जरवर असला की असं गुणगुणतं म्हणे, त्यामुळे बॅटरी भरून जा आणि मधे जेवणाच्या वेळी चार्ज करा. पॉवर सेव्हर बंद ठेवा, नाहीतर बॅटरीवर लॅपटॉप मंद होतो आणि गाणं तुटतं. दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी. नवरदेवाला हळद लावायला काकू पुढे झाल्या, मी गाणं एकदम खाली घेतलं, सगळे शांत, आणि दोन मोठ्या टॉप स्पीकरमधून टुण्ण. ऑफिसच्या चॅटचा मेसेज. परत टुण्ण. आत्या वर आकाशात बघायला लागली. तेव्हा वायफाय बंद, विंडोजचे सगळे आवाज बंद, हे घरूनच करून निघा. मिक्स्सला नेट लागतच नाही, गाणी लॅपटॉपमध्येच असतात, हा त्याचा फायदा. ऑनलाइन ॲपमधली गाणी त्यात वाजत नाहीत हे पण त्याच कारणाने, म्हणजे सीडी नाहीतर विकत घेतलेल्या फाइल्स जमवाव्या लागतात. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आलेलं गाणं मोठ्या स्पीकरवर पत्र्यासारखं वाजतं, मी एक लावलं, साउंडवाल्या दादांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

बाकी सेट चांगला गेला. लाउडस्पीकरचा नियम रात्री १० चा आहे म्हणून पावणेदहाला आत्याचं गाणं शेवटचं लावलं, सगळ्या बायका आत आल्या, काकाही आले, आणि त्यांना कळलंच नाही की ढोलकी बाबांची आहे. बाबा मागे खुर्चीत बसून मांडीवर बोटं वाजवत होते, बाईच्या आवाजाच्या किंचित पुढे, कारण मी ढोलकी थोडी मागे शिवलीय आणि त्यांना ते पहिल्याच ओळीला ऐकू आलं होतं. घरी येताना रिक्षात तेवढंच बोलले. ती फाइल परत उघडलीय, ढोलकी केसभर पुढे सरकवायची राहिलीय, आणि गणपतीसाठी वीसेक गाणी ॲनालाइज करून ठेवलीत, त्यातल्या नऊंना टू-थर्ड लागलं.